मायच्या संडासातला पितळी गंज

भंडाऱ्याच्या नळसामानाच्या दुकानदाराने मला फसवलं. माझ्या मायने मला त्याच्याहून जास्त फसवलं. दुकानदाराशी माझं भांडण झालं आणि मिटलं. मायशी अजून मिटलेलं नाही, म्हणून हे लिहितो आहे.

अड्याळच्या बाजारात माझं भांड्यांचं दुकान आहे. ते मला कोणी दिलेलं नाही. सायकलच्या कॅरिअरला दोन्ही बाजूंनी भांडी बांधून मी कित्येक वर्षं गावोगाव फिरलो. मोड घ्यायची आणि नवं भांडं द्यायचं. मोड म्हणजे घराघरांत पडलेलं जुनं, चेपलेलं, फुटकं पितळ. बाई उंबऱ्यात बसायची, मी अंगणात, आणि मग तासभर घासाघीस. त्या तासांनी मला दोन गोष्टी शिकवल्या. एक, समोरचा उठून जातो आहे असं दिसलं तरी आपण घाबरायचं नाही. दुसरी, पितळ ओळखायचं ते नजरेने नाही, टिचकीने. नखाने टिचकी मारली की पितळ बोलतं, आणि नुसता मुलामा असला की मुकं राहतं. आजही लोक पितळेचं भांडं घेऊन येतात आणि म्हणतात, भाऊ, जरा टिचकी मारून सांगा.

माझा आवाज लवकर चढतो, हेही सांगून ठेवतो. बाजारात त्याचा उपयोग होतो.

पोळ्याच्या आधी मायला लकवा मारला. उजवी बाजू गेली. पाय हळूहळू परत आला, काठी घेऊन ती घरात चालायला लागली. हात मात्र आला नाही. गडव्याने, म्हणजे तांब्याने, धुवायला दोन हात लागतात, हे मला पन्नाशी उलटेपर्यंत कळलं नव्हतं. एकाने ओतायचं, दुसऱ्याने धुवायचं. मायकडे आता एकच होता. मग माझी बायको तिच्यासोबत आत जायला लागली. बायकोने कधी तोंड वाकडं केलं नाही, पण माय बाहेर यायची ती जमिनीकडे बघत यायची. एक दिवस मी ओसरीत बसलो होतो आणि आतून तिचा आवाज आला, बायकोला सांगत होती, "तुह्या हातचं जेवतो, अन् तुलेच हे कराले लावतो. देवाले न्यायचीच होती तं जीभ न्यायची होती. हात कायले नेला?"

ते मला सहन झालं नाही. मी तिच्या खोलीला लागून एक छोटं संडास बांधून घेतलं, कमोडचं, फक्त तिच्यासाठी. आम्ही बाकीचे मागच्या अंगणातलं वापरतो. आणि एका हाताचं काम म्हणून जेट लावायचं ठरवलं. जेट म्हणजे भिंतीला अडकवलेली पिचकारी. खटका दाबला की पाणी. तिची नळी एका छोट्या कॉकला जोडलेली असते आणि तो कॉक भिंतीतल्या पाइपात.

भंडाऱ्याला जाऊन मी पितळी सेट पाहिला. पिचकारीला टिचकी मारली, बोलली. मग भाव सुरू झाला. मी दोनदा उठून गेलो, दोनदा परत आलो. तिसऱ्यांदा उठलो तेव्हा दुकानदार म्हणाला, "बसा भाऊ, न्या," आणि आत जाऊन डब्यात सामान भरून आणलं. मी खुशीत होतो. डबा उघडून पुन्हा टिचकी मारली नाही. एवढ्या वर्षांत एकदा मारली नाही, ती तिथे.

घरी आल्यावर मी सगळ्यांना सांगितलं. शेजाऱ्याला, दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाला, माहेरपणाला आलेल्या बहिणीला. "पितळी आणला, प्लास्टिकच्या भावात." जोडणीसाठी नळवाल्याला बोलावलं नाही. नट फिरवायचं काम, त्याला माणूस कशाला? पाइपाचं तोंड कमोडच्या उजवीकडे होतं, तिथेच कॉक बसवला. नळीचे नट पान्याने आवळले, पितळ आवळतात तसे, करकर वाजेपर्यंत. माय आत गेली, दार लावलं, बराच वेळ लागला, आणि बाहेर आली ती समोर बघत आली. "झालं?" मी विचारलं. "हाव. होते ना एका हातानं," ती म्हणाली आणि मग हसून, "पिचकारी जोरात आहे बाप्पा. शिमग्याची वाटते." त्या दिवशी ती बायकोपाशी बसून एका हाताने शेंगा निवडत राहिली. कितीतरी दिवसांनी तिला असं बोलताना ऐकलं.

हे हिवाळ्यात. मग उन्हाळा आला आणि लग्नसराई आली. आमच्याकडे लेकीला आंदणात भांडी देतात, म्हणून ते दोन महिने मला मान वर करायला वेळ नसतो. सकाळी जायचं, दुपारचा डबा दुकानात, संध्याकाळी यायचं ते घसा बसवून. मायला रोज विचारायचो, "बरी आहेस?" ती म्हणायची, "बरी आहो." विचारलं आणि उत्तर मिळालं. मला वाटायचं, झालं.

ऐन वैशाखात तिला ताप भरला. लघवीला जळजळ. डॉक्टरांनी तिची कातडी चिमटीत धरून सोडली, ती लगेच खाली बसली नाही. मग जीभ बघितली आणि माझ्याकडे वळून विचारलं, "पाणी पीत नाहीत का या? या उन्हात?"

"पितो ना मी," माय म्हणाली.

घरी येऊन मी ओरडलो. आजारी माणसावर ओरडायचं नसतं, पण ओरडलो. बायको मला स्वयंपाकघरात घेऊन गेली आणि म्हणाली, "त्यांच्या खोलीतला माठ मी रोज भरते. महिना झाला, नीट उतरतच नाही. ओठ ओले करतात फक्त. मी म्हटलं तर म्हणतात, तहान नाही."

"मले काहून नाही सांगितलं?"

"तुम्ही घरात होता कधी?"

मी रागानेच मायच्या खोलीत गेलो. ती झोपली होती. तिच्या संडासात जेट बसवल्यापासून मी डोकावलं नव्हतं, तिला आवडत नसे. त्या दिवशी दार ढकललं.

कॉकच्या खाली, फरशीवर, पितळी गंज ठेवलेला होता. गंज म्हणजे आमच्याकडचं काठाचं पातेलं. हा गंज तिच्या आंदणातला होता, तिच्या बापाने दिलेला. होळीच्या सुमारास बायको तो शोधत होती आणि मायने सांगितलं होतं, शेजारी दिला आहे, येईल. आमच्या घरात संडासचा गडवा न्हाणीतसुद्धा चालत नाही. माझ्या लहानपणी मी एकदा चुकून घरातला पेला तिकडे नेला होता, तर तिने तो तीनदा राखेने घासला आणि तरी परत चुलीपाशी येऊ दिला नाही. त्या बाईने स्वतःचा गंज तिथे ठेवला होता. आत जुन्या लुगड्याची घडी अंथरलेली होती. कॉकपासून पाण्याचा थेंब निघत होता, नळीवरून घसरत होता आणि त्या घडीवर पडत होता. आवाज होत नव्हता. त्यासाठीच ती घडी होती.

मी तिथेच फरशीवर बसलो. फरशी ओली होती, बुळबुळीत झाली होती. गंज भरल्यावर काठी धरणारी बाई तो एका हाताने कसा उचलत असेल? उचलतच नसेल. पायाने ढकलून, डाव्या हाताने कलंडवत असेल. आणि तेवढ्यात पाय सरकला तर? म्हणून पाणी प्यायचं नाही. प्यायचं नाही म्हणजे आत जायला लागत नाही. इतकं साधं गणित होतं आणि मला ते तिला ताप येईपर्यंत दिसलं नव्हतं.

मग मी कामाला लागलो, कारण तेवढंच मला येतं. जुन्या भांड्याला बारीक छिद्र कुठे आहे ते शोधायची आमची एक रीत आहे. भांडं कोरडं पुसायचं, बाहेरून कोरडी बारीक राख चोळायची, आत पाणी भरायचं आणि वाट बघायची. जिथे राख काळी पडेल तिथे छिद्र. मी जेट पुसून काढलं, कापडाने, मग फुंकर मारून. चुलीतली राख चाळून आणली आणि पिचकारीला, नळीला, दोन्ही नटांना, कॉकला चोळली. मायच्या संडासात बसून राख बघणारा मी. बायको दारात आली, बघितलं आणि परत गेली.

पिचकारीवर राख कोरडी राहिली. भिंतीपाशी, कॉकच्या आट्यांवर, कोरडी. कॉक आणि नळी जिथे जुळतात त्या नटाच्या कडेने मात्र एक काळी रेघ उमटली. नटाच्या कडेने, उभी. मी पाणी बंद केलं, नट सोडवला. आतला वायसर दबून चपटा झाला होता. सायकलच्या ट्यूबचा तुकडा गोल कापून नवा वायसर केला, बसवला, आवळला, राख चोळली. पुन्हा तीच रेघ. वायसरचा दोष असता तर सगळीकडून ओलं झालं असतं. एकाच जागी उभी रेघ म्हणजे चीर. मी कानस घेतली आणि नटाच्या अंगावर दोनदा ओढली. वरची चकाकी निघाली. खाली पिवळं दिसायला हवं होतं. पांढरं दिसलं.

प्लास्टिक. पितळ समजून मी ते पान्याने आवळलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भंडाऱ्याला. दुकानात गिऱ्हाइकं होती, मी थांबलो नाही. नट काउंटरवर ठेवला.

"हे काय आहे?"

"नट आहे भाऊ."

"कायचा?"

त्याने नट उचलला, कानसीची खूण पाहिली, माझ्याकडे पाहिलं आणि त्याला मी आठवलो. "हा? प्लास्टिकचा. वरून पॉलिश."

"मी पितळी मागितला होता."

"मागितला पितळी. पण भाव कोणता केला?" तो अजिबात दबला नाही, हे मला मान्य करावं लागेल. "मी दाखवला तो फुल पितळी होता. तुम्ही उठून गेले, परत आले, पुन्हा उठून गेले. मी तरी कुठवर उतरू? तुम्ही भाव पाडला, मी नळी पाडली, हलकी घातली. पिचकारी तीच दिली तुमची, टिचकीवाली. खोटं बोलून राहिलो का?"

"सांगून पाडायची ना मंग!"

"सांगितलं असतं तं नेली असती?"

हे काम मला माहीत आहे. गिऱ्हाईक फार ताणायला लागलं की मीही जाड पत्र्याचं भांडं बाजूला ठेवून पातळ पत्र्याचं काढतो. पण मी सांगतो, की हा पत्रा पातळ आहे. म्हणजे विचारलं तर सांगतो.

तो पुढे म्हणाला, "अन् प्लास्टिकच्या नटाले पाना लावते का कोणी? हातानं आवळा लागते. चीर तुम्हीच पाडली."

तेव्हा माझा आवाज चढला. काय काय बोललो ते सगळं लिहिण्यासारखं नाही. शेवटी म्हणालो, "तुह्या त्या नळीपायी माही माय महिनाभर पाणी नाही प्याली! फरशी ओली होते म्हणून! पडीन म्हणून!"

दुकानातली माणसं वळून बघायला लागली. मी हे चारचौघांत बोलायला नको होतं. मायचं होतं ते. दुकानदाराने नट खाली ठेवला. मग विचारलं, "काय झालं त्यायले?"

"लकवा."

"हात कोणता चालते?"

"डावा."

"अन् कॉक कोणत्या अंगानं बसवला?"

मी सांगितलं, उजव्या.

त्याने कपाळाला हात लावला. "म्हणजे कॉक बंदच होत नाही ना भाऊ. बसल्या जागी डावा हात तिकडे पोचत नाही, अन् पोचला तरी ती गोल मूठ फिरत नाही. चोवीस तास टाकीच्या पाण्याचा जोर नळीवर. पितळी नळी असती तरी वायसर गेलाच असता. जेट झालं की कॉक बंद करा लागते. म्हणून तं कॉक देतात."

मला कोणी सांगितलं नव्हतं. मी कोणाला विचारलंही नव्हतं.

त्याने मागून दुसरा कॉक काढला, लांब दांडीचा, पाव फेरा फिरवला की बंद. दांडी बोटाने नाही, मनगटाने, कोपरानेसुद्धा ढकलता येते. त्यासोबत पितळी नटांची लांब नळी, दोन एल्बो, हातभर पाइप, की कॉक डावीकडे नेता येईल. टेपची गुंडाळी वर ठेवली आणि म्हणाला, "टेप फक्त भिंतीतल्या आट्याले लावजा. नळीच्या नटाले टेप नाही लागत, तिथं वायसरच पाणी धरते." जुनी नळी त्याने परत घेतली. बाकीच्याचा मी भाव केला. केलाच. पण या वेळी एकेका नटाला टिचकी मारली आणि सामान स्वतःच्या हाताने डब्यात भरलं.

घरी येऊन सगळी दुपार त्यात लागली. टेप उलटी गुंडाळली होती, ती काढून पुन्हा गुंडाळली. नट हाताने आवळले, पाना खिशातच ठेवला. राख चोळली. बराच वेळ थांबलो. राख कुठेच काळी झाली नाही. मग फरशी विटेच्या तुकड्याने घासली, बुळबुळ काढली, भिंतीला धरायला एक दांडा ठोकला. तो आधीच ठोकायला हवा होता.

मायला उठवून आत नेलं, दांडी दाखवली. तिने डाव्या कोपराने ढकलली, पाणी आलं. पुन्हा ढकलली, बंद. पुन्हा चालू. पुन्हा बंद. चार-पाच वेळा. मग नवीन कॉकच्या खाली वाकून बघितलं, जिथे थेंब पडत होता ती जागा, आणि बोट लावलं. बोट कोरडं निघालं.

"आता पाणी पे," मी म्हणालो. पेला भरून हातात दिला. ती एका दमात प्याली. दुसरा दिला. तोही प्याली. तिसरा अर्धा झाल्यावर म्हणाली, "पोट फुटीन नं बाबू," आणि मला तिचा गळा हलताना दिसत होता, आणि मी तिकडेच बघत होतो.

अर्ध्या तासाने ती आत गेली. मी दाराबाहेर उभा. पिचकारीचा आवाज आला, मग दांडीचा खट् असा. मग तिचा आवाज.

"तू दारात उभा आहेस काय?"

"नाही."

"तं मंग बोलते कोण? जाय ना. दुकान काय उघडं ठेवून आलास?"

मी गेलो नाही. ती बाहेर आली, काठी टेकत, तोंडावर थोडं पाणी उडालेलं. मी विचारलं, आणि या वेळी मी ओरडलो नाही, खरंच नाही: "होळीपासून गळत होतं. मले एक शब्द काहून नाही सांगितला?"

ती खाटेवर बसली. पदराने तोंड पुसलं. "तू किती खुश होता बाबू," ती म्हणाली. "येईल त्याले सांगत होता, पितळी आणला, पितळी आणला. बहीण आली तं तिलेही सांगितलं. आता मी कशी म्हणू का गळते?" मग म्हणाली, "अन् म्हटलं असतं तं तू भांडाले गेला असता. उन्हातान्हात. लग्नाच्या दिवसांत."

गंज मी तिथून उचलून आणला. बायको म्हणाली, मोडीत घाला, आता तो चुलीवर यायचा नाही. मी मोडीत घातला नाही, घासून दुकानात वर ठेवला आहे. गिऱ्हाईक विचारतं, मी विकत नाही म्हणून सांगतो.

मायला वाचता येत नाही. हे माझी बायको तिला वाचून दाखवेल, आणि माय मध्येच म्हणेल, हे कायले लिहिलं याने, लोक वाचतीन ना. वाचू देत. त्या दुकानदाराने नळी बदलली, त्याचा जाब मी त्याच्या दुकानात उभं राहून मागितला आणि त्याने दिला. तुझा बाकी आहे, माय. दोन महिने तू गळती लपवलीस, तहान मारलीस, आपल्या बापाचा गंज संडासात ठेवलास, ओल्या फरशीवर एका पायावर तोल सांभाळलास, आणि मी विचारलं की "बरी आहो" म्हणालीस. का? मी खुश होतो म्हणून, मी भांडेन म्हणून, हे उत्तर मी घेत नाही. तुझ्या तहानेपेक्षा माझी खुशी मोठी आहे असं तुला मी कधी, कोणत्या दिवशी वाटू दिलं? ते सांग. मी खाटेपाशी बसलो आहे.